रेघा दिसल्या, माणसे कुठे गेली?

मंडळी, आज जरा भांडायचे आहे.

भांडण आहे एका जातीच्या फोटोंशी. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलेले आहेत. रात्रीचे शहर, वर गडद निळे आभाळ, दिव्यांनी उजळलेली एखादी जुनी इमारत आणि खाली रस्त्यावरून वाहत गेलेल्या लाल-पांढऱ्या रेघा. गाडी एकही दिसत नाही, नुसत्या रेघा. दिनदर्शिकेवर हा फोटो असतो, बँकेच्या जाहिरातीत असतो, दंतवैद्याच्या भिंतीवर असतो आणि हल्ली आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही दर शनिवार-रविवारी कोणीतरी टाकतोच. खाली ठरलेले वाक्य असते. ‘हे शहर कधी झोपत नाही’, ‘मुंबईचा वेग’ किंवा ‘धावते जीवन’. मग वा, वा, सुंदर, अप्रतिम, आणि अंगठे.

फोटो सुंदर असतात याबद्दल वादच नाही. माझा वाद त्या खालच्या वाक्याशी आहे. तो फोटो शहराचा नसतो, शहरातल्या जीवनाचा तर नसतोच. तो गाड्यांच्या दिव्यांचा फोटो असतो. ज्याच्यापाशी दिवा आहे तो त्यात उमटतो, ज्याच्यापाशी नाही तो पुसला जातो. आणि आपल्या देशात पायी चालणाऱ्या माणसापाशी दिवा नसतो.

हे कसे होते ते आधी सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटते की हे काहीतरी कॉम्प्युटरवर रंगवलेले असते. तसे नाही. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवायचा. प्रकाश घेण्याची त्याची ताकद, म्हणजे आयएसओ, अगदी कमी, १०० वर ठेवायची. भिंगाचे छिद्र लहान करायचे, आठ किंवा अकरा आकड्यावर. आणि पडदा दहा, वीस, तीस सेकंद उघडा ठेवायचा. बटण हाताने दाबले तर कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा किंवा रिमोट वापरायचा. दिवस मावळून काळोख पुरता व्हायच्या आत, आभाळ निळे असते त्या अर्ध्या तासात हे केले की उत्तम. तेवढ्या सेकंदांत जे जे चमकत पुढून गेले, त्याची वाट कॅमेऱ्यात ओढली जाते. समोरून येणाऱ्या गाड्यांची पांढरी रेघ, जाणाऱ्यांची लाल. काही नव्या गाड्यांचे मागचे एलईडी दिवे डोळ्याला कळणार नाही इतक्या भरभर लुकलुकत असतात, त्यांची रेघ तुटक येते, शिवणीच्या टाक्यांसारखी. जुन्या बल्बची रेघ सलग येते. हे सगळे आमच्या नातवाने (पुतण्याच्या मुलाने) मला समजावले. मुलगा हुशार आहे, धीराचा आहे, आणि एका फोटोसाठी डास चावून घेत तासभर उभा राहतो याचे मला कौतुकच आहे.

आता शाळेतले त्रैराशिक मांडू. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीस सेकंदांत सहाशे मीटरांहून जास्त. रस्त्याच्या कुठल्याही एका जागी ती क्षणभरही नसते, पण तिचा दिवा इतका प्रखर असतो की तेवढ्यानेही रेघ उठते. आता माणूस घ्या. तो ताशी ४ किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला एक मीटरहून किंचित जास्त. अंगाची रुंदी अर्धा मीटर धरा. म्हणजे मागच्या भिंतीच्या कुठल्याही एका ठिकाणासमोर तो जेमतेम अर्धा सेकंद असतो. उरलेले साडेएकोणतीस सेकंद तिथे कॅमेऱ्याला भिंतच दिसते. साठातला एक हिस्सा माणूस आणि एकोणसाठ हिस्से भिंत. भिंत जिंकते. माणूस फार तर धुरकट डागासारखा उरतो, बहुधा तेवढाही नाही.

म्हणजे यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे यंत्राचे गणित आहे. पण गणिताचे उत्तर काय आले ते तरी मोठ्याने वाचावे की नाही?

उदाहरण घेऊ मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, कारण या जातीचा सर्वांत लाडका फोटो तिथलाच. इमारत १८८०च्या दशकातली, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. रात्री तिच्यावर रंगीत प्रकाश सोडतात. समोर महापालिकेची इमारत. मधल्या चौकातून बेस्टच्या बसगाड्या वळतात. डबलडेकर गेली तर तिच्या वरच्या दिव्यांची वेगळी उंच रेघ मिळते, म्हणून फोटोवाले तिची वाट पाहतात. (डिझेलवरच्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, आता विजेवरच्या आहेत.) फोटोची वेळ संध्याकाळी सात-साडेसातची. आता कोणीही मुंबईकर सांगेल, या वेळेला त्या चौकात काय असते. माणूस असतो! फोर्टातली, कोर्टातली, बंदरावरची, बाजारातली सगळी नोकरदार माणसे गाडी पकडायला स्टेशनात घुसत असतात. आणि फोटोत? इमारत आहे, रेघा आहेत, फरशी आहे. चौक ओस पडलेला. जणू संचारबंदी लागली आहे आणि त्यातून फक्त दिवे पळून गेले.

हे आम्हा भिवपुरीकरांना जास्त लागते, कारण त्या चौकातून पुसली गेलेली माणसे आमची आहेत. भिवपुरी रोड हे मध्य रेल्वेवर नेरळ आणि कर्जत यांच्यामधले छोटे स्टेशन. इथून पहाटेच्या कर्जत लोकलने मुंबईला जाणारी माणसे एका बाजूचे दोन तास, रोजचे चार तास गाडीत घालवतात. कोणी कुरिअर कंपनीत, कोणी हॉटेलात, कोणी कोणाच्या घरी स्वयंपाकाला. संध्याकाळी सातला ती त्याच चौकात असतात, परतीच्या गाडीकडे पळत. ‘मुंबईचा वेग’ म्हणतात तो या माणसांच्या पायांत असतो. फोटोत तो टॅक्सीच्या नावावर जमा होतो.

त्याच स्टेशनाला लागून पादचाऱ्यांचा हिमालय पूल होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, भर गर्दीच्या वेळी तो कोसळला आणि त्यात माणसे मेली. नवा पूल ३० मार्च २०२३ ला उघडला. म्हणजे चार वर्षे ती वाट तुटलेली होती आणि कित्येकांना खालून, वाहनांमधून रस्ता ओलांडावा लागत होता. या चार वर्षांत त्या चौकातले रेघांचे फोटो थांबले होते का? मुळीच नाही. चार वर्षे माणसे जीव मुठीत धरून ज्या रस्त्यातून पळाली, तोच रस्ता फोटोत गुळगुळीत आणि मोकळा दिसत राहिला. मी म्हणते ते हेच.

छायाचित्रणाच्या इतिहासातली एक गोष्ट इथे आठवते. पॅरिसमधल्या एका हमरस्त्याचा लुई दागेर यांनी १८३८ साली फोटो घेतला. त्या काळी पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. रस्ता वाहता होता, घोडागाड्या होत्या, माणसे होती. पण जे जे हलत होते ते सगळे नाहीसे झाले. उरला फक्त कोपऱ्यातला एक माणूस, जो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबला होता, आणि अंधूकसा त्याचे बूट पुसणारा. फोटोत आलेली माणसे म्हणून आज जगभर ही जोडी पहिली मानली जाते. पाहा, त्या वेळी गाड्या पुसल्या गेल्या आणि राहिला बूट पुसणारा. आपण १८० वर्षांत प्रगती अशी केली की गाड्या राहिल्या आणि बूट पुसणारा गेला. सीएसएमटीच्या आवारात बूटपॉलिशवाले बसतात, ते लाकडी पेटीवर ब्रशाने टकटक करतात, तुम्हाला ठाऊकच आहेत.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे जोडपे १९१०च्या दशकात कारखान्यांतल्या कामाचा अभ्यास करत होते. कामगाराच्या बोटाला छोटा दिवा बांधायचा, पडदा उघडा ठेवायचा आणि काम करू द्यायचे. फोटोत उजेडाची वळणावळणाची रेघ येई. त्या रेघेवरून हाताची कुठली हालचाल वाया जाते ते शोधायचे आणि काम आटोपशीर करायचे. कामगाराचे श्रम वाचावेत असाही त्यांचा हेतू होता, तो नाकारत नाही. पण त्या फोटोंत कामगार मात्र धूसर होऊन बसे, ठळक असे ती रेघ. म्हणजे माणूस बाजूला सारून त्याची नुसती गती ठेवायची, ही या तंत्राची जुनी सवय आहे. मालकाला अशी रेघ उपयोगी पडत असेल. आपण घरच्या भिंतीवर लावताना विचार करावा.

आता वेगाबद्दल. हे फोटो वेगाचे असतात असे म्हणतात. पण गाड्या अडकल्या की रेघ येतच नाही! रेघ हवी तर रस्ता वाहता लागतो. शुक्रवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गाच्या बोरघाटात तासन्‌तास गाड्या खोळंबतात, हे आम्ही खोपोली-कर्जतची माणसे जन्मभर ऐकत आणि भोगत आलो. त्या गर्दीचा फोटो काढला तर नुसते लाल ठिपके येतात. म्हणून तो कोणी काढत नाही. फोटोवाला थांबतो, वाहतूक सुटली की बटण दाबतो. म्हणजे शहराचा जो वेग दाखवला जातो, तो त्यातल्या त्यात निवडलेल्या तीस सेकंदांचा.

आणि या फोटोंच्या आवडत्या जागा बघा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, २००९ पासून. तिथे पायी माणसाला मज्जाव. अटल सेतू, २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ पासून. तिथेही मज्जाव. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, २००२ साली पूर्ण झाला. तिथेही तेच. सायकलवाला, बैलगाडीवाला, रिक्षावाला यांना तीनही ठिकाणी बंदी. वेगाच्या रस्त्यावर सुरक्षेसाठी ही बंदी योग्यच आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण जिथे माणसाला पाय ठेवता येत नाही तोच रस्ता ‘आपल्या शहराचा चेहरा’ म्हणून मिरवायचा, याला काय म्हणावे?

‘आजी, ही कला आहे. जे डोळ्याला दिसत नाही ते कॅमेरा दाखवतो,’ असे नातू म्हणतो. बरोबर. पण जे डोळ्याला दिसते ते कॅमेरा लपवतो हेही मग त्याच दमात सांग. ‘प्रत्येक फोटोत माणूस हवाच का?’ असेही तो विचारतो. नको. डोंगराच्या फोटोत नसला तरी चालेल, कमळाच्या फोटोत नसला तरी चालेल. पण ज्याच्या खाली ‘जीवन’ लिहिले आहे त्यात नसून कसे चालेल?

गेल्या दिवाळीनंतर तो इथे आला तेव्हा आम्ही कर्जतच्या चार फाट्यावर गेलो होतो. मी त्याला एवढेच म्हटले, तू फोटो काढ, मी माणसे मोजते. तीस सेकंदांत माझ्या समोरून अकरा माणसे गेली. दोन बाया डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन, त्यांच्यामागे एक लहान पोर, शिकवणीहून सुटलेल्या चार मुली, एक जण सायकल हातात धरून, आणि तीन गडी खांद्यावर घमेली-फावडी घेऊन. फोटो पाहिला. अकरातला एकही नाही. होता तो एक वडापाववाला, कारण तो कढईपाशी हलला नव्हता, आणि त्याचाही झारा धरलेला हात नाहीसा झाला होता. मुरबाडकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रेघा मात्र फार सुरेख आल्या होत्या. नातू बराच वेळ गप्प होता.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्याशा फोटोवरून केवढे रामायण. फोटोपुरतेच असते तर मी गप्प बसले असते. पण डोळ्याला सवय लागते. रस्ता म्हणजे गाड्यांचा, हे चित्र वर्षानुवर्षे पाहिले की रस्त्यावरचा माणूस आपल्याला आगंतुक वाटू लागतो. ‘हा मध्येच कुठून आला?’ हे वाक्य गाडी चालवणाऱ्याच्या तोंडी सहज येते. तो मध्येच आलेला नसतो. तो तिथेच असतो, आपल्याला दिसत नसतो. केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक. फोटोत न दिसणारा माणूस या आकड्यांत मात्र नीट दिसतो.

आमच्या कर्जत तालुक्यात ठाकूर आणि कातकरी वस्ती मोठी. वाडीतून रस्त्यावर यायचे, रस्त्याने बाजाराला जायचे, वीटभट्टीवर जायचे, अंधार पडल्यावर तसेच परतायचे. पदपथ नाही, रस्त्याकडेला दिवे नाहीत. अंगावरचे कपडे मातकट, गाडीच्या उजेडात उशिरा दिसणारे. शनिवार-रविवारी फार्महाऊसकडे निघालेल्या गाड्या त्यांच्या बाजूने सुसाट जातात. यातली कित्येक मुले माझ्या वर्गात होती. पहाटे अंधारात निघून शाळेत पोचायची. ‘बाई, गाडी आली की आम्ही गटारात उतरतो,’ असे एका मुलीने मला सहज, तक्रार न करता सांगितले होते.

आणि गंमत पाहा. मुंबईच्या ज्या झगमगाटाचे फोटो निघतात, त्याला वीज पुरवणारे डोंगर आमचेच. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. मावळातल्या ठोकरवाडीच्या धरणातले पाणी सह्याद्री फोडून खाली आणले आणि मुंबईकडे तारा गेल्या. शंभर वर्षांहून अधिक काळ आम्ही त्या तारांखाली राहतो. त्याच तारांखालच्या वाड्यांमध्ये मात्र मी नोकरीला लागले तेव्हा रॉकेलची चिमणी होती, हे मी स्वतः पाहिलेले आहे. उजेड कोणाचा आणि अंधारात कोण, हा प्रश्न आमच्याकडे जुनाच आहे.

वर माथेरान आहे. तिथे मोटारीला बंदी, दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. त्याच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी माणसे ओढून नेली, हातरिक्षांतून. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, ते फार योग्य झाले. पण विचार करा, त्या लाल मातीच्या रस्त्यावर रात्री तिपाई लावून तीस सेकंद पडदा उघडा ठेवला असता तर काय आले असते? काहीच नाही. झाडे आणि अंधार. छाती फुटेस्तोवर चढ चढणाऱ्या माणसाचा एक ठिपकाही नाही, कारण त्याच्या कपाळाला दिवा नव्हता.

म्हणून माझे मागणे साधे आहे. घरातल्या सगळ्या कॅमेरेवाल्या पोरांनी ऐकावे.

एक, फोटोखाली खरे लिहा. ‘सीएसएमटी चौक, संध्याकाळी सात, वीस सेकंद, वाहनांचे दिवे.’ एवढे पुरे. ‘जीवन’, ‘शहर’ हे शब्द स्वस्त करू नका.

दोन, या फोटोसाठी घाटात गाडी थांबवू नका, पुलाच्या कठड्याबाहेर वाकू नका, वळणावर उभे राहू नका. अंधारात रस्त्याकडेला उभे राहिलात की तुम्हीही दिवा नसलेला माणूस होता, हे ध्यानात ठेवा.

तीन, आणि हे मुख्य. रेघांचा एक फोटो काढलात की तिपाई न हलवता त्याच जागेवरून दुसरा काढा. आयएसओ वाढवा, छिद्र मोठे करा, पडदा सेकंदाच्या साठाव्या भागात बंद करा. फोटो दाणेदार येईल, आभाळ काळे येईल, सुंदर येणार नाही. पण मोळीवाली येईल, शिकवणीची पोर येईल, घमेलेवाला येईल. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाका. ज्यांना रेघा आवडतात त्यांनी रेघा पाहाव्यात. पण त्या रस्त्यावर कोण कोण होते हे लपवायचे नाही.

आणि ज्यांच्याकडे कॅमेरा नाही, पण गाडी आहे, त्यांच्याकडेही एक मागणे. इकडे याल तेव्हा चार फाट्याच्या पुढे वेग कमी करा. समोर कोणी दिसत नसले तरी करा. तिथे माणसे आहेत, मी मोजली आहेत.